संशोधनातील सचोटी कशी राखावी आणि तक्रार आल्यास विद्यापीठाने काय करावे

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातून आलेला, पंचगंगेच्या पाण्याविषयीचा एक प्रबंध मी परीक्षक म्हणून तपासत होतो. प्रबंधाचा मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने मोजून दाखवणाऱ्या साम्य अहवालावर चार टक्के असा आकडा होता, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र जोडलेले होते आणि सह्या-शिक्के जागच्या जागी होते. मात्र पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या तक्त्यात एक नमुना १२ ऑगस्ट २०१९ रोजी शिरोळ तालुक्यातील एका घाटावर घेतल्याची नोंद होती. कोल्हापुरात राहणाऱ्या कोणालाही ही तारीख खटकेल. त्या दिवसांत शिरोळ तालुका महापुराच्या वेढ्यात होता आणि घाटाची वरची पायरीसुद्धा दिसत नव्हती. तेथे बाटली बुडवायला कोण आणि कसे गेले असेल, हा प्रश्न मला प्रबंध मिटवल्यावरही सोडेना.

मी विद्यापीठामार्फत मूळ नोंदवही मागवली. वहीत, तसेच प्रयोगशाळेच्या आवक रजिस्टरमध्येही त्या नमुन्यापुढे २ ऑगस्ट ही तारीख होती आणि बाटलीच्या चिठ्ठीचा क्रमांक दोन्हीकडे जुळत होता. टंकलेखनात २ चे १२ झाले होते. तारीख दुरुस्त झाली आणि प्रबंध पुढे गेला. ती वही नसती तर एका प्रामाणिक विद्यार्थ्यावर बनावट नोंदींचा ठपका आला असता आणि तो पुसण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती राहिले नसते. चार टक्क्यांच्या आकड्याने त्याचा दोषही दाखवला नव्हता आणि त्याचा निर्दोषपणाही सिद्ध केला नव्हता.

संशोधनातील सचोटीची चर्चा आपल्याकडे साम्याच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. या लेखात मी तो क्रम बदलणार आहे. आधी नोंदी, मग टक्केवारी आणि त्यानंतर तक्रार व चौकशी, असा विचार विद्यार्थ्याने, मार्गदर्शकाने आणि विभागप्रमुखाने केला, तर बहुतेक प्रकरणे उद्भवणारच नाहीत आणि जी उद्भवतील त्यांचा निवाडा कागदावर करता येईल.

गैरवर्तन कशाला म्हणावे

जगभरात तीन गोष्टी निर्विवादपणे गैरवर्तन मानल्या जातात. न घेतलेले निरीक्षण घेतले असे दाखवणे म्हणजे बनावट माहिती तयार करणे. घेतलेल्या निरीक्षणात, आलेखात किंवा छायाचित्रात हवा तसा बदल करणे अथवा अडचणीचे आकडे गुपचूप वगळणे म्हणजे फेरफार. आणि दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा निष्कर्ष श्रेय न देता वापरणे म्हणजे वाङ्मयचौर्य. यांच्याभोवती आणखी काही गोष्टी येतात: काम न करता सहलेखक होणे, काम केलेल्याचे नाव गाळणे, एकच निबंध दोन नियतकालिकांना देणे, पैसे देऊन प्रबंध लिहून घेणे आणि माहिती देणाऱ्यांची संमती न घेणे.

प्रामाणिक चूक आणि प्रामाणिक मतभेद मात्र गैरवर्तन नव्हे. हे वाक्य प्रत्येक चौकशी समितीच्या पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण आरोपाच्या गरमागरमीत पहिला विसर याचाच पडतो.

बनावट माहितीचे नुकसान किती दूर जाते, हे समजण्यासाठी आपल्याच देशातील एक प्रकरण पुरेसे आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील एका भूवैज्ञानिकाने हिमालयात सापडले म्हणून अनेक वर्षे जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, त्यांतील काही जीवाश्म जगाच्या दुसऱ्याच भागांतून आलेले दिसतात. या निबंधांवर अनेक सहलेखकांची नावे होती आणि त्यांतील कित्येकांनी जीवाश्म सापडलेली जागा स्वतः पाहिलेली नव्हती. हिमालयाच्या भूशास्त्रातील कोणती नोंद विश्वासार्ह आणि कोणती नाही, हे निवडत बसण्याची वेळ पुढच्या अभ्यासकांवर आली. सहलेखक म्हणून सही करण्यापूर्वी मूळ नमुना किंवा मूळ नोंद पाहण्याचा आग्रह धरावा, तो यासाठी.

पहिल्या दिवसापासूनची शिस्त

पीएच.डी.साठी नाव नोंदवल्याच्या आठवड्यातच विद्यार्थ्याने पाने क्रमांकित केलेली, शिवलेली नोंदवही घ्यावी. सुटे कागद वापरू नयेत. प्रत्येक नोंदीवर तारीख, ठिकाण, उपकरणाचे नाव व क्रमांक आणि वापरलेली पद्धत लिहावी. चूक झाली तर ती एका रेघेने खोडून बाजूला सही करावी. पान फाडू नये आणि पांढरी शाई लावू नये. दर पंधरवड्याला मार्गदर्शकांनी वही पाहून तारखेसह सही करावी. ही सही म्हणजे केवळ उपचार नव्हे. पुढे तक्रार झालीच, तर विद्यार्थ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहणारा सर्वांत बळकट पुरावा हीच सही असते.

संगणकातील माहितीसाठीही हाच नियम लावावा. उपकरणातून आलेली मूळ फाइल कधीही बदलू नये. तिची प्रत करून प्रतीवर काम करावे. मूळ फाइलची एक प्रत विभागाच्या संगणकावर आणि एक वेगळ्या ठिकाणी ठेवावी. विद्यार्थी विभाग सोडून जाताना वही व मूळ फाइल विभागाकडे जमा झाल्याची पोच घ्यावी. विद्यार्थ्याकडे प्रत राहावी. पदवी मिळाल्यावर मूळ नोंदी किती वर्षे जपायच्या, हे विभागाने लेखी ठरवावे. माझ्या मते पाच वर्षांपेक्षा कमी मुदत ठेवू नये, कारण शंका बहुधा निबंध प्रसिद्ध होऊन इतरांनी तो वापरायला घेतल्यावरच निर्माण होते.

सामाजिक शास्त्रांत आणि भाषांच्या संशोधनात नोंदवहीचे रूप बदलते, पण तिची गरज तेवढीच राहते. करवीर किंवा कागल तालुक्यात गुऱ्हाळघरांचे सर्वेक्षण करणाऱ्याने भरलेल्या मूळ प्रश्नावल्या, संमतीपत्रे आणि भेटीची रोजनिशी जपावी. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्याने ओवी सांगणाऱ्या बाईचे गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि तिने नाव छापण्यास दिलेली किंवा नाकारलेली संमती लिहून ठेवावी. तिचे नाव न घेता ओव्या ‘लोकपरंपरेतून’ आल्या असे लिहिण्याची सवय मला श्रेय नाकारण्याइतकीच गंभीर वाटते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागद पाहणाऱ्याने रुमालाचा व कागदाचा क्रमांक टिपावा. लिप्यंतर स्वतः केले की मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून करून घेतले, हे प्रबंधात स्पष्ट सांगावे. पैसे देऊन लिप्यंतर करून घेण्यात गैर काही नाही, ते लपवण्यात मात्र आहे.

लेखकांच्या नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवावा. कोणी कल्पना मांडली, कोणी प्रयोग केले, कोणी विश्लेषण केले आणि कोणी मसुदा लिहिला, हे एका पानावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात आणि कामाची वाटणी बदलली की ते पान नव्याने करावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी घालून दिलेला निकष सर्व शाखांना उपयोगी पडतो: लेखकाने कामात भरीव वाटा उचललेला असावा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग घेतलेला असावा, अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली असावी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारलेली असावी. केवळ उपकरण उपलब्ध करून दिले किंवा विभागप्रमुखाची खुर्ची सांभाळली, म्हणून कोणी लेखक होत नाही. अशा साहाय्याची जागा ऋणनिर्देशात आहे.

साम्य अहवाल कसा वाचावा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम २०१८ मध्ये आले. त्यांनुसार साम्याचे चार स्तर आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत पहिला, साठपर्यंत दुसरा आणि साठच्या पुढे तिसरा स्तर. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसामान्य संज्ञा, कायद्यांचा मजकूर, प्रमाण चिन्हे व समीकरणे मोजणीतून वगळायची असतात. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी या गाभ्याच्या भागात मात्र साम्य असूच नये, अशी अपेक्षा आहे; सलग चौदा शब्दांपर्यंतचा सामान्य ज्ञानाचा किंवा योगायोगाने जुळलेला मजकूर तेवढा सोडला जातो.

दहा टक्क्यांच्या आत आलो की सुटलो, हा समज याच तरतुदीमुळे चुकीचा ठरतो. नऊ टक्के साम्य संपूर्णपणे निष्कर्षाच्या प्रकरणात असेल तर ते गंभीर आहे. उलट, कायद्याच्या प्रबंधात कलमांचा मजकूर वगळायचा राहिला म्हणून आकडा तीसवर गेला असेल, तर ती केवळ यंत्राची मांडणी आहे. म्हणून अहवाल वाचताना पहिल्या पानावरील आकडा झाकून ठेवावा आणि रंगवलेला मजकूर कोणत्या प्रकरणात आहे व कोणत्या स्रोताशी जुळतो, हे पानागणिक पाहावे. संशोधकाने स्वतःचाच आधी छापलेला मजकूर संदर्भ न देता पुन्हा वापरणेही आयोगाने २०२० मध्ये अमान्य ठरवले आहे. स्वतःच्या निबंधातील भाग प्रबंधात घ्यायचा असेल तर प्रकरणाच्या आरंभीच तसे लिहावे.

मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फारच थोडे लक्ष जाते. आपल्याकडील टंकलेखनाच्या दुकानांतून आजही कित्येक प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे संगणकाला देवनागरी अक्षरे ओळखता येणारी युनिकोड ही प्रमाण पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप होऊन येतात. डोळ्यांना मराठी दिसणारा तो मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता असतो. साहजिकच सॉफ्टवेअरला त्यात काहीच जुळत नाही आणि अहवालावर शून्य किंवा एक टक्का उमटतो. याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. पीडीएफमधील एक परिच्छेद निवडून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवावा. मराठी अक्षरे उमटली नाहीत तर तो साम्य अहवाल रद्द समजावा आणि संपूर्ण प्रबंध युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासावा. ग्रंथालयाने प्रबंध स्वीकारतानाच ही परीक्षा सक्तीची केली पाहिजे.

युनिकोडमध्ये आल्यानंतरही इंग्रजीतून किंवा हिंदीतून अनुवाद करून उचललेला मजकूर सहसा सापडत नाही. तो माणसालाच शोधावा लागतो. वाक्यरचना अचानक बदललेले परिच्छेद वेगळे काढावेत, त्यांतील प्रमुख संकल्पना मूळ भाषेत शोधाव्यात आणि संदर्भांचा क्रम पाहावा. दुसऱ्या ग्रंथातील सलग पाच-सहा संदर्भ त्याच क्रमाने, चुकीच्या पृष्ठक्रमांकांसह आले असतील, तर विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ उघडलेच नव्हते हे जवळजवळ निश्चित असते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध उपलब्ध असल्याने विषयाशी जवळचे चार-पाच प्रबंध शेजारी ठेवून वाचणे शक्य आहे आणि मार्गदर्शकाने ते करणे अपेक्षित आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहिलेला मजकूर ओळखल्याचा दावा करणाऱ्या यंत्रांच्या आकड्यावर कोणालाही दोषी ठरवू नये. प्रामाणिकपणे, पण साचेबद्ध लिहिणाऱ्यावरही त्यांचा संशय जाऊ शकतो. साधन वापरले असल्यास कशासाठी वापरले, हे जाहीर करण्याची सक्ती करावी. असे साधन लेखक होऊ शकत नाही आणि मजकुराची पूर्ण जबाबदारी माणसाचीच राहते, ही प्रकाशन नीतिमत्तेची सर्वमान्य भूमिका आहे.

नियतकालिकाची निवड

पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचे आमिष पदोन्नतीच्या गुणांमुळे वाढते. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्याने, यादीत नाव आहे एवढे पाहून निश्चिंत होण्याची सोय आता उरलेली नाही. संपादक मंडळातील दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून, आपण खरोखर मंडळावर आहात का, असे विचारावे. मागील अंकांतील तीन निबंध पूर्ण वाचावेत. शुल्क केव्हा सांगितले गेले आणि परीक्षकांचे अभिप्राय निबंधाच्या आशयाविषयी होते की केवळ दोन ओळींचे कौतुक होते, हे तपासावे. नामांकित नियतकालिकाच्या नावाने उभारलेली नकली संकेतस्थळेही असतात. म्हणून आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळख क्रमांकावरून मूळ प्रकाशकापर्यंत पोहोचावे.

शंका आली तर तक्रार कशी करावी

शंका आली की पहिला मोह व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लिहिण्याचा होतो. तो आवरावा. आरोप खोटा निघाला तर एका माणसाचे नाव कायमचे डागाळते आणि खरा निघाला तरी सावध झालेली व्यक्ती नोंदी नाहीशा करू शकते.

तक्रार एक-दोन पानांची असावी. कोणत्या लेखनातील कोणत्या पानावर काय आढळले, ते मूळ कोठे आहे आणि दोन्हींच्या प्रती, एवढेच त्यात असावे. शेजारी-शेजारी दोन रकाने करून मजकूर मांडल्यास समितीचे निम्मे काम होते. ‘चोरी’, ‘फसवणूक’ असे शब्द वापरू नयेत, हेतूविषयी तर्क करू नयेत आणि जुनी भांडणे त्यात आणू नयेत. तक्रार द्यायची ती विभागीय शैक्षणिक सचोटी समितीकडे, म्हणजे कार्यालयीन बोलण्यातल्या डीएआयपीकडे. पोच घ्यावी आणि आवक क्रमांक लिहून ठेवावा.

आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे भय मी जवळून पाहिले आहे. प्रगती अहवालावरील सही, शिष्यवृत्तीचे बिल, मौखिक परीक्षेची तारीख, सगळ्याच गोष्टी त्याच एका व्यक्तीच्या हाती असतात. तक्रार दाखल होताच त्या विद्यार्थ्याचे प्रगती अहवाल व देयके यांच्यावर सही करण्याचा अधिकार अधिष्ठात्यांनी तात्पुरता दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा. हे आरोप सिद्ध होण्याआधीच करायचे असते, कारण तो दंड नाही, केवळ संरक्षण आहे. निनावी तक्रार आली तरी सोबत पडताळता येण्याजोगा पुरावा असेल तर ती फेकून देऊ नये. संस्था स्वतःहूनही दखल घेऊ शकते, तसेच परीक्षकाच्या अभिप्रायावरूनही कार्यवाही सुरू करू शकते, आणि अशा प्रकरणांची चौकशी संस्थास्तरावरील समितीने करायची असते. लैंगिक छळ, रॅगिंग किंवा जातिवाचक अपमान यांच्या तक्रारी मात्र या समितीपुढे आणू नयेत. त्यांच्यासाठी कायद्याने वेगळ्या यंत्रणा आहेत.

पहिला आठवडा

चौकशीचे यश-अपयश बहुधा पहिल्या सात दिवसांत ठरते. तक्रारीची पोच द्यावी. समितीच्या प्रत्येक सदस्याकडून, दोन्ही बाजूंपैकी कोणाशी नाते, सहलेखन, मार्गदर्शन किंवा वाद नाही, असे लेखी घ्यावे आणि असल्यास त्याने बाजूला व्हावे. त्यानंतर नोंदी ताब्यात घ्याव्यात. वह्या, मूळ फाइल्स, उपकरणांच्या लॉगबुकची पाने, प्रश्नावल्या आणि नमुने यांचा दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करून यादीवर संबंधित व्यक्तीची सही घ्यावी व तिला प्रती द्याव्यात. संगणकातील फाइल्सची प्रत करताना त्यांचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारा तिचा संगणकीय ठसा, नोंदवावा; त्यामुळे नंतर कोणी बदल केला अशी शंका उरणार नाही. आरोपाची लेखी कल्पना त्याच दिवशी द्यावी. आधी कळवून चार दिवसांनी नोंदी मागणे म्हणजे नव्या वह्या लिहायला वेळ देणे होय.

चौकशी

विभागीय समितीत विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरील एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि साम्य तपासणीची साधने जाणणारी एक व्यक्ती असे तिघे असतात. अध्यक्षांसह दोघांची गणपूर्ती लागते. तिने तक्रार मिळाल्यापासून ४५ दिवसांत आपली शिफारस संस्थास्तरीय समितीकडे, म्हणजे आयएआयपीकडे पाठवायची असते. या दुसऱ्या समितीत प्र-कुलगुरू, अधिष्ठाता किंवा ज्येष्ठ प्राध्यापक अध्यक्ष असतात, एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो, आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष एकच असू शकत नाहीत. तिलाही ४५ दिवसांची मुदत आहे. आरोप विभागप्रमुखांवरच असेल तर प्रकरण विभागात फिरवत न ठेवता थेट वरच्या समितीकडे जावे.

मुदत पाळायची असेल तर दिवसांची वाटणी आधीच करावी. पहिल्या दहा दिवसांत नोंदी व आरोपाची प्रत, पुढील पंधरा दिवसांत लेखी उत्तर, त्यानंतर सुनावणी, आणि शेवटचे दहा दिवस अहवालासाठी राखून ठेवावेत. सुनावणीत दोन्ही बाजूंना पुरावे दाखवावेत. प्रश्न कागदपत्राला धरून विचारावेत: ‘हे पान कोणत्या दिवशी लिहिले?’, ‘हे उपकरण त्या तारखेला कोणी वापरत होते?’, ‘या आलेखाची मूळ फाइल कोणती?’ ‘तुम्ही हे का केले?’ हा प्रश्न केले आहे असे गृहीत धरतो, म्हणून तो शेवटपर्यंत विचारू नये. प्रत्येक उत्तर लिहून वाचून दाखवावे आणि त्यावर सही घ्यावी.

बनावट आकड्यांची तपासणी सांख्यिकीच्या साध्या ज्ञानानेही बरीच पुढे जाते. समजा, सतरा शेतकऱ्यांनी एक ते पाच अशा पूर्णांकांत उत्तरे दिली आणि तक्त्यात सरासरी ३.४५ छापली आहे. सतरा पूर्णांकांची बेरीज ५८ असेल तर सरासरी ३.४१ येते आणि ५९ असेल तर ३.४७, ३.४५ येणे शक्यच नाही. याचा अर्थ लगेच लबाडी असा होत नाही, कदाचित सहा जणांनी उत्तर दिले नसेल. पण मूळ प्रश्नावल्या मागण्याचे ते रास्त कारण आहे. पदार्थविज्ञानात पातळ थरांच्या दोन वेगळ्या नमुन्यांच्या क्ष-किरण विवर्तन आलेखांतील बारीक थरथर हुबेहूब जुळत असेल तर एक आलेख दुसऱ्याची नक्कल असतो, कारण ती थरथर प्रत्येक मोजणीत वेगळीच येते. जीवशास्त्रातील छायाचित्रांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले गेले आणि सुमारे चार टक्के निबंधांत अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेली छायाचित्रे आढळली. समितीत त्या विषयाचा, पण विभागाबाहेरचा जाणकार हवा, तो अशा गोष्टी ओळखण्यासाठी.

येथे एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१८ चे विनियम वाङ्मयचौर्याविषयी आहेत. त्यांतील स्तर आणि दंड बनावट आकड्यांना लावता येत नाहीत. त्यासाठी विद्यापीठाने स्वतःचे परिनियम आणि सेवाशर्ती यांच्या आधारे वेगळी कार्यपद्धती मंजूर करून घ्यावी. प्रकरण हाती आल्यावर नियम शोधायला बसलेल्या संस्थेचा निर्णय न्यायालयात टिकणे अवघड असते.

निर्णय आणि दंड

आरोप निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय, अपिलाचे सर्व मार्ग संपल्याशिवाय आणि बचावाची पुरेशी संधी दिल्याशिवाय दंड लावता येत नाही, असे विनियमच सांगतात. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या स्तरावर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध देण्यास सांगितले जाते, दुसऱ्या स्तरावर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही आणि तिसऱ्या स्तरावर नोंदणी रद्द होते. शोधनिबंधाच्या बाबतीत पहिल्या स्तरावर निबंध मागे घ्यावा लागतो. दुसऱ्या स्तरावर त्यासोबत एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तिसऱ्या स्तरावर सलग दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. पदवी आधीच मिळाली असेल तर समितीच्या शिफारशीनुसार ती ठराविक काळासाठी स्थगित ठेवता येते.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या शिवाजी विद्यापीठासारख्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात आणखी एक गुंता येतो. महाविद्यालयीन मार्गदर्शकाची नेमणूक शिक्षण संस्थेने केलेली असते, तर पदवी आणि मार्गदर्शक म्हणून मान्यता विद्यापीठ देते. म्हणून पदवी व मान्यतेविषयीचा निर्णय विद्यापीठाने घ्यावा आणि वेतनवाढीसारख्या सेवाविषयक कारवाईसाठी अहवालाची प्रत संस्थेच्या व्यवस्थापनाकडे लेखी पाठवून केलेल्या कार्यवाहीचे उत्तर ठराविक मुदतीत मागावे. दोन्ही कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवल्यामुळे अहवाल कपाटात पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

अहवालात काय घडले, कोणत्या पुराव्यावरून ठरले, कोणते स्पष्टीकरण का मान्य किंवा अमान्य केले आणि प्रत्येक सहलेखकाची जबाबदारी किती, हे वेगवेगळे लिहावे. त्याची प्रत संबंधित व्यक्तीला द्यावीच लागते.

निकालानंतर

दोष सिद्ध झाला की संबंधित निबंधाविषयी नियतकालिकाच्या संपादकांना विद्यापीठाने अधिकृत पत्र लिहावे. हे काम दोषी लेखकावर सोपवू नये. प्रामाणिक चुकीसाठी दुरुस्ती आणि निष्कर्ष अविश्वसनीय ठरत असतील तर निबंध मागे घेणे, हा फरक पत्रात स्पष्ट असावा. त्या निबंधावर आधारलेले विभागातील इतर प्रबंध आणि चालू प्रकल्प यांची यादी करून तेही तपासावेत.

मार्गदर्शक दोषी ठरल्यास त्यांच्या विद्यार्थ्यांना एका महिन्यात नवा मार्गदर्शक द्यावा आणि वाया गेलेला काळ नोंदणीच्या मुदतीत वाढवून द्यावा. ज्याचा काही दोष नाही त्याला पुन्हा शुल्क भरायला लावू नये.

आरोप सिद्ध झाला नाही, तर तेही तेवढ्याच ठळकपणे कळवावे. चौकशीची माहिती ज्या-ज्या कार्यालयांना, परीक्षकांना आणि सहलेखकांना गेली होती, त्या प्रत्येकाला कुलसचिवांच्या सहीचे पत्र जावे, अडवलेली मौखिक परीक्षा पंधरा दिवसांत लावावी आणि ताब्यात घेतलेल्या वह्या व फाइल्स पंचनाम्याच्या यादीबरहुकूम मोजून परत कराव्यात. तक्रार सद्हेतूने केलेली असेल तर तक्रारदाराविरुद्धही कोणती कारवाई होणार नाही, हे त्याच दिवशी त्याला लेखी सांगावे.